दम कुणी मोजायचा?

ऑगस्ट 2018. इंडोनेशियातल्या पालेमबांगला आशियाई स्पर्धेतली एकेरी रोइंगची अंतिम शर्यत सुरू होती. आपला दत्तू भोकनळ त्यात होता. रिओ ऑलिम्पिकला जाऊन आलेला, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. पण अंगात ताप होता. शर्यतीत तो मागे पडत गेला आणि शेवटचा आला. दुसऱ्या दिवशी तोच दत्तू सवर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या नावेत बसला आणि भारताला सुवर्णपदक मिळालं.

गोष्ट इथं संपली असती तर टाळ्या वाजवून आपण मोकळे झालो असतो. पण 2019 मध्ये भारतीय रोइंग महासंघाने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. ठपका असा, की एकेरीत त्याने मध्येच वल्हवणं थांबवलं, पूर्ण जोर लावला नाही. जानेवारी 2020 मध्ये बंदी मागे घेण्यात आली आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. दोषी ठरवणं आणि गौरवणं, दोन्ही वर्षा-दीड वर्षात उरकलं. माझ्या मनात मात्र तो ठपका अडकून राहिला आहे. माणसाने पूर्ण जोर लावला की नाही, हे काठावर उभं राहून कसं कळतं?

ही शर्यत 2000 मीटरची असते. तयारीचा गडी ती सातेक मिनिटांत संपवतो. बघणाऱ्याला वाटतं सगळं काम हातांचं, पण खरा भार पायांवर असतो. सरकत्या बैठकीवर गुडघे छातीशी आणायचे, वल्ही पाण्यात टाकायची आणि पायाखालची फळी रेटत सगळं अंग मागे न्यायचं. हे मिनिटाला तीसेक वेळा. निम्म्या वाटेत मांड्या पेटतात, श्वास पुरत नाही. नेमक्या त्या घडीला शरीरात किती उरलं आहे, याचा साक्षीदार एकच असतो, आणि तो नावेत बसलेला असतो.

दत्तूला कष्टाची चोरी करणारा म्हणणं तर मला मुळीच पटत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव, पाण्याची कायम टंचाई असलेलं. वडिलांबरोबर त्याने विहिरी खोदल्या. वडील गेले, घर चालवायचं म्हणून तो 2012 मध्ये सैन्यात भरती झाला आणि पुण्यात प्रशिक्षक कुद्रत अलींनी त्याला हेरलं. तोवर त्याला पाण्याची भीतीच होती. रिओची तयारी सुरू असताना अपघातात जखमी झालेली आई बेशुद्धावस्थेत होती आणि लेक ऑलिम्पिकला निघालाय हे तिला ठाऊकही नव्हतं.

उलटं टोकही पाहा. पश्चिम जर्मनीचा पीटर-मिखाएल कोल्बे हा एकेरीचा पाच वेळचा जगज्जेता. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये शर्यतीआधी त्याला ताकदीसाठी इंजेक्शन दिलं गेलं. तेव्हा अशा इंजेक्शनवर बंदी नव्हती. कोल्बे पुढे निघाला आणि अगदी शेवटी त्याचा दम सरला. फिनलंडचा पेर्टी कार्पिनेन त्याला मागे टाकून गेला. कोल्बेने त्या इंजेक्शनलाच दोष दिला. ऑलिम्पिकची तीन रौप्यपदकं त्याच्या नावावर आहेत, सुवर्ण एकही नाही. एकाला बाहेरच्यांनी सांगितलं, तुझ्यात आणखी भरू. दुसऱ्याला सांगितलं, तू राखून ठेवलंस. दोघांच्या अंगाचा हिशेब दुसऱ्यांनीच मांडला.

आपल्या वऱ्हाडात हा हिशेब रोज मांडला जातो. कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते. कमरेची ओटी भरते, गाठोडं होतं, संध्याकाळी काटा लागतो. एरवी भरपूर वेचणाऱ्या बाईचं गाठोडं एखाद्या दिवशी हलकं भरलं, की धुऱ्यावरून शब्द येतो, "आज गप्पाच हाकल्या वाटते!" अंगात कणकण होती, हे ती सांगतही नाही, कारण काट्यावर कणकण मोजली जात नाही. अकोल्यात वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी गावोगावची लेकरं खोल्या करून राहतात. त्यातलं एखादं फोनवर "होत नाही" म्हणालं, तर पलीकडून पहिला प्रश्न तब्येतीचा येतो की फीचा? मे 2024 मध्ये पारा पंचेचाळिशीपार गेला तेव्हा अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी कलम 144 लावलं, मजुरांना पाणी-सावली देण्याचं आणि शिकवण्या भर उन्हात न घेण्याचं बंधन घातलं. अंगाला मर्यादा असते, हे मान्य करायला आपल्याला सरकारी आदेश लागावा, याचं मला वाईट वाटतं.

कामचुकार माणसं नसतातच, असं मी म्हणत नाही. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या आठ जणींच्या नावेतली सॅली रॉबिन्स अंतिम शर्यतीत वल्हं सोडून मागे रेलली. तिच्या सोबतिणी संतापल्या. तो संताप मी समजू शकतो, कारण तिच्या थांबण्याचं ओझं सात जणींनी ओढलं. त्यांना जाब विचारण्याचा हक्क होता. पण दत्तू एकेरीत मागे पडला तेव्हा नावेत दुसरं कुणी नव्हतं आणि तिघं सोबती बसले त्या दिवशी तो मागे राहिला नाही. संशय घेणाऱ्यांनी हा दुसरा दिवस आधी तपासायला हवा होता आणि डॉक्टरला विचारायला हवं होतं. बंदी नंतर उठली, पण 2019 चा अख्खा मोसम त्यात गेला. टोकियोच्या पात्रतेची जागतिक स्पर्धा त्याच वर्षी ऑस्ट्रियात झाली. खेळाडूच्या आयुष्यात असे उमेदीचे मोसम मोजकेच असतात. त्यातला एक कुणी काढून घेतला, तर त्याची भरपाई कोणत्याही पुरस्काराने होत नाही.