मुलांना दुसरा बाण मारू नका



उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांवर चढतो. केळीची पाने करपतात, घरावरचे पत्रे रात्रीही तापलेले असतात. अशा वेळी तुमची नववीतली मुलगी विचारते, "पृथ्वी अशीच तापत गेली तर आमचे पुढे काय?" तुम्ही काय उत्तर देता?

कोणी म्हणतो, "गप अभ्यास कर." कोणी म्हणतो, "कलियुग आहे, जगबुडी होणारच." बंधूंनो, कलियुग आणि देवाचा कोप आपण दीक्षेच्या दिवशीच सोडला. हवामानाच्या नावाने तो पुन्हा घरात आणू नका.

सल्लसुत्तात तथागत सांगतात: अज्ञानी माणसाला एक बाण लागतो, आणि शोक करून तो दुसरा बाण स्वतःच्या मनात रुतवून घेतो. ऊन हा पहिला बाण. आपण मुलांच्या मनात भरलेली धास्ती हा दुसरा.

मग खरे लपवावे काय? मुळीच नाही. आर्यसत्यांच्या क्रमानेच सांगा. दुःख आहे: २०२४ साली जगाचे सरासरी तापमान उद्योगयुगापूर्वीपेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त होते. दुःखाला कारण आहे: कोळसा व तेल जाळून निघणारा वायू उष्णता कोंडून धरतो. हा दोष तुमच्या लेकरांचा नाही, हेही स्पष्ट सांगा. कारण दूर करता येते: ओझोनचा थर विरवणारी रसायने १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगाने हटवत आणली, आणि तो थर आता भरून येत आहे. आणि मार्ग आहे: साक्री तालुक्यातील बारीपाड्याच्या आदिवासी बांधवांनी उजाड डोंगरावर जंगल राखले, विहिरींना पाणी आले. त्यांचे धुरीण चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली.

पण सांगण्याआधी ऐका. आरसा कशासाठी असतो, असे विचारून तथागतांनी बालक राहुलाला बोलते केले होते. तुम्हीही विचारा, "तुला कशाची भीती वाटते?" मूल रडले तर हसू नका. ऐकून झाले की हाताला काम द्या. पावसाळ्यातल्या पौर्णिमेला विहाराच्या अंगणात त्याच्या हाताने निंब लावून घ्या, आणि पाणी घालायला तुम्हीही सोबत जा.

मुलाची झोप उडाली, जेवण तुटले, जगण्यात अर्थ नाही असे ते बोलू लागले, तर अंगारे-धुपारे करू नका. डॉक्टरांकडे न्या, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. मनाच्या दुखण्यालाही कारण असते आणि उपायही असतो.

भवतु सब्ब मंगलं!