शुद्ध म्हणजे काय?

तब्येतीसाठी मटण सोड, असं गिरणीत मला सांगतात. सोडीन की! डाळ, उसळ, पालेभाजी काळजाला चांगलीच. फक्त बी-१२ भाजीत मिळत नाही. दूध-अंडीही सोडली तर गोळी घ्यावी लागते. हा शरीराचा हिशेब. तो डॉक्टरनं सांगावा.

पण 'शुद्ध शाकाहारी' ही पाटी डॉक्टरनं लिहिलेली न्हाई. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं, ते स्वाभिमानासाठी. आपल्या म्हाताऱ्यांनी सोडलं. विटाळ सुटला? न्हाई. आणि कोल्हापुरात तांबडा-पांढरा ओरपून कुणी बाटत न्हाई. मग विटाळ ताटात कुठं होता? तो बघणाऱ्याच्या डोळ्यात होता.

भाजी खा, न्हाईतर मटण खा. तब्येतीला विचारून खा. जातीला विचारून नको.