बालसखीचे साडेसातशे रुपये

‘आमच्या आजीला जे ठाऊक होतं, तेच सिद्ध करून या माणसानं नोबेल मिळवलं.’ अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जींवरचा हा शेरा २०१९पासून फिरतो आहे. यंदा तो मुलुंडच्या एका व्याख्यानमालेत ऐकला. वक्ते निवृत्त प्राध्यापक, माझे जुने स्नेही. सभागृहात ज्येष्ठ नागरिक बहुसंख्य, त्यामुळे आजीचा उल्लेख झाला की टाळ्या ठरलेल्या. स्नेह्यांचं नाव लिहीत नाही. दिवाळी अंक ते विकत घेऊन वाचतात आणि असे वाचक मला दुखवायचे नाहीत.

पण आजीला नेमकं काय ठाऊक होतं?

२००१च्या सुमारास मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेचा बालसखी कार्यक्रम चालू होता. तिसरी-चौथीत बसलेली, पण अक्षरांत आणि बेरजांतच अडकलेली मुलं वर्गातून वेगळी काढायची. पंधरा-वीस जणांचा गट करायचा आणि शाळेच्या वेळेतच रोज दोन तास तो वस्तीतल्या एका मुलीच्या हाती सोपवायचा. मुलगी शाळा पूर्ण केलेली, प्रशिक्षण दोन आठवड्यांचं. कुठल्या शाळेत कुठल्या इयत्तेला बालसखी मिळणार हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं, म्हणजे ‘तिथले मुख्याध्यापकच चांगले होते’ असं नंतर कुणाला म्हणता येऊ नये. बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी निकाल मोजले आणि २००७ सालच्या निबंधात छापले. शाळांची सरासरी ०.२८ प्रमाण विचलनानं वाढली. वाढ जवळजवळ सगळी मागे पडलेल्या मुलांची होती. वर्षभरानं पुन्हा मोजली तेव्हा त्याच मुलांच्या पदरात साधारण ०.१० उरली होती, हेही त्यांनी लपवलं नाही.

इथवर आजी मान डोलावेल. पुढचं ऐकून ती थबकेल. मागे पडलेली मुलं बाहेर गेल्यावर मूळ वर्गात गर्दी कमी झाली. फळ्यासमोर बी.एड., डी.एड. झालेला, पक्क्या पगाराचा शिक्षक तोच होता. उरलेल्या मुलांना त्याचा काहीही फायदा झाला नाही. वर्गातली संख्या घटवा म्हणजे शिक्षण सुधारेल, हे शिक्षणाधिकारी, पालकसभा आणि प्रत्येक पक्षाचा जाहीरनामा गृहीत धरून चालतात. मुंबईच्या आकड्यांनी त्याला दुजोरा दिला नाही. दोष दाटीत नव्हता. अभ्यासक्रम पुढे पळत होता आणि मूल जिथे उभं आहे तिथून त्याला हाताला धरून नेणारं कुणी नव्हतं. आजी म्हणाली असती, मास्तर कडक हवा. स्नेह्यांनी आजीला फुकटचं पारितोषिक वाटून टाकलं आहे.

आजीवाल्यांपेक्षा राजकारणी बरे, निदान त्यांचा राग सरळ असतो. १८ ऑक्टोबर २०१९ रोजी, राज्यात विधानसभेचं मतदान तीन दिवसांवर असताना, पीयूष गोयल पुण्यात म्हणाले की बॅनर्जींचे विचार पूर्णपणे डावीकडे झुकलेले आहेत आणि त्यांनी पाठराखण केलेली काँग्रेसची ‘न्याय’ योजना जनतेनं नाकारली आहे. चार दिवसांनी पंतप्रधानांनी बॅनर्जींना भेटायला बोलावलं, छायाचित्र काढलं, विषय मिटला. गोयल आता उत्तर मुंबईचे खासदार आहेत. बोरिवली-कांदिवलीच्या ज्या पालिका शाळांत अडखळत वाचणारी मुलं बसतात, त्या त्यांच्याच मतदारसंघात येतात. डाव्यांना मात्र बॅनर्जी कधीच डावे वाटले नाहीत. भांडवल, जमीन, जात यांना हात न लावता जंताच्या गोळ्या आणि मच्छरदाण्यांचा हिशेब करणारा अर्थतज्ज्ञ त्यांना किरकोळ वाटतो. खरी गंमत ‘प्रथम’च्या घरातच आहे. तिचे एक संस्थापक माधव चव्हाण हे लाल निशाण पक्षाच्या यशवंत चव्हाणांचे चिरंजीव. ओहायोत रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन ते माटुंग्याच्या यूडीसीटीत शिकवायला आले आणि १९९४-९५मध्ये फरीदा लांबे यांच्यासह मुंबईच्या वस्त्यांत बालवाड्या उघडू लागले. डाव्या घरातला रसायनतज्ज्ञ आणि अमेरिकी विद्यापीठातला अर्थतज्ज्ञ पालिकेच्या शाळेत भेटले, आणि त्या शाळा प्रयोगशाळा झाल्या.

तिसरी जमात आपलीच, मराठी. पारितोषिक जाहीर झालं त्याच संध्याकाळी शोध लागला की बॅनर्जी १९६१ साली मुंबईत जन्मले, आई मूळच्या पाटणकर, मधलं नाव विनायक. झालं! कोलकात्याची शाळा, प्रेसिडेन्सी कॉलेज, जेएनयू, १९८३च्या विद्यार्थी आंदोलनातला तिहार तुरुंग, हार्वर्ड, एमआयटी हे सगळं बाजूला सारून मुलगा आपला झाला. समाजमाध्यमांवर पुरणपोळ्या वाटून झाल्या. माझी तक्रार या अभिमानाच्या उथळपणाबद्दल आहे. निर्मला पाटणकर-बॅनर्जींचं आडनाव आपण उचललं आणि त्यांची पुस्तकं तिथेच ठेवली.

मीही ती बॅनर्जींची बाजू मांडायला दारूगोळा हवा म्हणूनच काढली होती. झालं भलतंच. बाईंचं लेखन वाचल्यावर मुलाचा मुंबईचा निबंध मला वेगळा दिसायला लागला.

निर्मलाबाई कोलकात्याच्या सेंटर फॉर स्टडीज इन सोशल सायन्सेसमध्ये अर्थशास्त्र शिकवत आणि संशोधन करत. १९८५ साली त्यांचं कोलकात्यातल्या असंघटित क्षेत्रातल्या कामकरी बायकांवरचं पुस्तक आलं. त्यांचा प्रश्न सरळ होता. बाई इतक्या कमी मजुरीवर काम का करते? बाजार तिच्या श्रमाची किंमत ठरवतो हे उत्तर त्यांना पुरत नसे. बाजाराच्या आधी घर असतं. नवऱ्याचं काम सुटलं किंवा पगार तुटपुंजा झाला की बाई बाहेर पडते, आणि मालकापासून नवऱ्यापर्यंत सगळे तिच्या कमाईला वरखर्चाची भर समजतात. वसाहतकाळातल्या बंगालवरच्या त्यांच्या निबंधात हीच गोष्ट शंभर वर्षं मागे जाते. सूत कातणाऱ्या आणि ढेंकीवर भात कांडणाऱ्या बायकांचे व्यवसाय यंत्रांनी घेतले. गिरण्यांतल्या नव्या नोकऱ्या बहुतेक पुरुषांकडे गेल्या. बायकांकडे उरली ती हत्यार, भांडवल आणि कसब यांपैकी काहीच न मागणारी कामं. मुंबईच्या वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. १९८२चा गिरणी संप गिरणगावाची कथा म्हणून सांगितला जातो. पण त्यानंतरच्या वीस वर्षांत भांडुप, मुलुंड, घाटकोपरचे लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखानेही एकामागून एक बंद झाले आणि त्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. असल्फ्याच्या डोंगरउतारावर ज्या घरातल्या बापाची नोकरी गेली, त्या घरातली दहावी पास मुलगी २००१ साली काय करत असेल? अंधेरीच्या सीप्झमध्ये जागा मिळाली तर नशीब. नाहीतर घरबसल्या नगावर काम, शिकवण्या, किंवा दुकानात उभं राहणं.

ही मुलगी म्हणजेच बालसखी.

आता निबंध पुन्हा उघडा. बालसखीला महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मिळत, म्हणून कार्यक्रम स्वस्त पडला, एका मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलर. स्वस्ताई हा त्याचा मोठा गुण मानला गेला. या मुली सरासरी वर्षभरच टिकत. लग्न ठरलं किंवा दुसरं काम मिळालं की जात. यावरून लेखकांनी काढलेला निष्कर्ष असा, की यश दोन-चार असामान्य जिद्दीच्या बायकांवर अवलंबून नाही, म्हणजे कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर नेता येईल. तर्कात खोट नाही. पण आईनं हेच वाक्य वाचलं असतं तर पेन्सिल तिथेच थांबली असती. सरासरी एका वर्षात कामगार निघून जातात ही माहिती तिच्या लेखी कार्यक्रमाची ताकद ठरत नाही. ती मजुरीबद्दलची, लग्नाबद्दलची, त्या मुलीपुढे असलेल्या आणि नसलेल्या पर्यायांबद्दलची माहिती ठरते. एकाच मुलीकडे आई आणि मुलगा असे दोन बाजूंनी पाहतात. मुलाच्या समीकरणात ती उपचार आहे, औषधाच्या गोळीसारखी, दिली किंवा न दिली. आईच्या पुस्तकात ती कामगार आहे.

या पद्धतीवरचे नेहमीचे आक्षेप मला फार भिववत नाहीत. अँगस डीटन, तेही २०१५चे मानकरी, म्हणतात की एका ठिकाणचा निकाल दुसऱ्या ठिकाणी लागू पडेलच असं नाही. खरं आहे, आणि केनियात ते दिसलंही. कंत्राटी शिक्षकांचा प्रयोग तिथे स्वयंसेवी संस्थेच्या हाती असताना यशस्वी झाला, सरकारच्या हाती गेल्यावर फसला. बॅनर्जींनी हा धडा टाळला नाही. पुढे त्यांनी आणि ‘प्रथम’नं हरियाणात सरकारी शिक्षकांकडूनच रोजचा एक तास पातळीनुसार शिकवून घेतला आणि तो चालला. चूक सापडली की ती मोजून दुरुस्त करणारा अर्थतज्ज्ञ आपल्याकडे विरळाच. माझा आक्षेप वेगळा आहे. जे मोजायचं म्हणून ठरवलं, त्याच्या बाहेर मजुरी का राहिली? मुलांचे गुण वर्षभरानंतर पुन्हा मोजले गेले. मुली पुढे कुठे गेल्या याचा तक्ता त्यात नाही.

स्नेही यावर म्हणतील, बघा, शेवटी तुम्हीही माझ्याच बाजूला आलात. मुळीच नाही. त्यांना प्रयोग अनावश्यक वाटतो, मला तो अर्धा वाटतो. आणि अर्ध्याची भरपाई आठवणींतल्या आजीनं होत नाही. महाराष्ट्रानं एकदा प्रयोगाशिवायही मोठी गोष्ट केली, हे ते लगेच ऐकवतील. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला. चिठ्ठ्या टाकून कुणी गाव निवडलं नव्हतं. मान्य. पण त्या योजनेचा गाभा हाच होता की काम मागणाऱ्याला मजुरीचा हक्क आहे. बालसखीच्या निबंधात नेमकी तीच बाजू कोरी राहिली आहे, म्हणून हे उदाहरण माझ्या कामाचं आहे, त्यांच्या नाही.

यावर एक उत्तर आहे आणि ते तगडं आहे. बालसखीला शिक्षकाचा पगार दिला तर त्याच पैशात शिकणारी मुलं कितीतरी कमी होतील. कमी झालेली मुलं गरिबांचीच. मग न्याय कुणाच्या बाजूचा? मला हा प्रश्न निकालात काढता येत नाही. एवढंच म्हणतो, की हा हिशेब आपण दर वेळी बाईच्याच पगारातून सोडवतो. अंगणवाडी सेविका, आशा, मदतनीस, सगळीकडे तेच गणित. डिसेंबर २०२३मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या आणि जानेवारीच्या अखेरीपर्यंत बाहेर राहिल्या. त्याआधी, एप्रिल २०२२मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं होतं की त्यांना ग्रॅच्युइटी मिळायला हवी. अंगणवाडीत मूल शिकतं की नाही हे विचारायला प्रयोग आहेत. सेविकेला रास्त पैसे दिले तर मूल जास्त शिकतं का, ती जास्त टिकते का, हा प्रयोग उपनगरातल्या एखाद्या वॉर्डात आरामात होईल. काही अंगणवाड्यांत आजचं मानधन, काहींत किमान वेतन, निवड चिठ्ठीनं, मोजणी दोघांचीही, मुलाची आणि बाईची. पद्धत बॅनर्जींची, प्रश्न निर्मलाबाईंचा.

पैसे कुठून आणायचे, असं कुणी विचारेल. मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. तेव्हा तिजोरी रिकामी असल्याचं कारण मला तरी सांगू नये.