नऊ बरोबर, सहा माफ

दिवाळीत ऊर्जानगरला घरी गेलो होतो. चुलतभाऊ नुकताच अठरा वर्षांचा झालाय. मोबाइल पुढे करत म्हणाला, "दादा, लर्निंगचा पेपर आहे. कॅमेऱ्यासमोर मी बसतो, उत्तरं तू बाजूनं सांगून दे. दोन मिनिटं लागन."

महाराष्ट्रात जून २०२१पासून ही परीक्षा आधार कार्डाच्या आधारे घरबसल्या देता येते. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ दाखवतात. तो लावून लोक चहा प्यायला जातात.

मी लगेच नाही म्हणू शकलो नाही. कारण माझं लायसन्स तसंच निघालं होतं. दहा वर्षांपूर्वी एजंटला पैसे दिले, कॉम्प्युटरसमोर बसलो, आणि मागे उभा असलेला माणूस "एक, तीन, दोन" सांगत गेला. पंधरापैकी पंधरा! घरी पेढे वाटले.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये गायजीस नावाच्या मेंढपाळाची गोष्ट आहे. त्याला एक अंगठी सापडते, ती फिरवली की तो कुणाला दिसत नाही. मग प्रश्न असा, की कुणीच बघत नसेल तर माणूस नीट का वागेल? घरबसल्या परीक्षा म्हणजे सरकारने प्रत्येकाच्या हातात दिलेली ती अंगठीच. भावाचा मुद्दाही चूक नव्हता. तो म्हणाला, "गाडी तर मले येतेच. नुकसान कोणाचं?"

नुकसान कोणाचं, हे मला माझ्या कामातून थोडं कळतं. आम्ही कोड लिहितो, त्याच्या टेस्टही लिहितो. डेडलाइन जवळ आली की कुणीतरी अशी टेस्ट लिहितं जी काहीही झालं तरी पासच होते. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतं. बग मात्र तिथेच असतो. तो भोगायला लागतो ज्याला, त्याचं नावही आपल्याला माहीत नसतं.

या परीक्षेतला एक प्रश्न मला छळतो. अपघातात कुणी जखमी झालं तर तुम्ही काय कराल? बरोबर पर्याय: उपचार मिळवून देण्यासाठी शक्य ते सगळं करा आणि चोवीस तासांत पोलिसांना कळवा.

तीन वर्षांपूर्वी संध्याकाळी पद्मापूरच्या रस्त्याने येत होतो. कोळशाचे ट्रक, हवेत धूळ, आणि अंधार पडला की वाघाची भीती, हे आमच्याकडे नेहमीचंच. कडेला एक बाइक पडली होती, एक माणूस बसून डोकं धरून होता. दोघेजण थांबले होते. मी गाडी हळू केली, आणि निघून गेलो. दोघं आहेत ना, हे पहिलं कारण. पोलिसांचं लचांड नको, हे खरं कारण.

२०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्यावर त्या मदतीमुळे खटला होऊ नये, अशी त्यात तरतूद आहे. त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, असा नियमही आहे. मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर थांबलो असतो का? छातीठोक सांगता येत नाही. नियम पाठ असलेला माणूसही पळतो. पण मी त्या प्रश्नासमोर एकदाही स्वतः बसलो नव्हतो. मागून कुणीतरी 'तीन' म्हणालं, मी तीन दाबलं.

म्हणून वाटतं, लायसन्स हा गाडी येते याचा पुरावा कमी आणि अनोळखी माणसांना दिलेला शब्द जास्त आहे. समोरून येणारा ट्रकवाला, सायकलवरची शाळेतली मुलगी, हे सगळे धरून चालतात की याला नियम ठाऊक आहेत. तो शब्द आपल्या वतीने दुसऱ्याने कसा द्यायचा?

हे सगळं मी भावाला सांगितलं. पद्मापूरचंही. तो गप्प झाला, मग म्हणाला, "पुस्तक तरी वाचून घेऊ दे मग."

दुसऱ्या दिवशी त्यानं एकट्यानं पेपर दिला. आठ आले. पुन्हा परीक्षेची फी पन्नास रुपये. ती मी भरली, आणि त्याच्या शेजारी बसून मीही पहिल्यांदा ते पुस्तक उघडलं.