नाव हातावर गोंदायचं की रोज घ्यायचं?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १८

थोडक्यात अर्थ : लोकांनी आपला सत्कार करावा, मान द्यावा, आपल्याला पूजावं म्हणून दिखाऊपणाने जे तप केलं जातं, त्याला भगवंत राजस म्हणतात. असं तप चंचल असतं, ते टिकत नाही.

आज हा श्लोक निवडायला एक कारण आहे. जळगावच्या एका वाचक दादाने विचारलंय, "यंदा मुक्ताईच्या पालखीसोबत काही मुक्काम चाललो. तेव्हापासून मनात आहे की उजव्या हातावर विठ्ठलाचं नाव टॅटू करून घ्यावं, कायमचं. आई नको म्हणते. मी भरतीची तयारी पण करतोय. शास्त्रात हे चालतं का?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात बरंच काही आहे.

पहिल्यांदा सरळ उत्तर. गीतेत गोंदणाबद्दल काहीच नाही, ना परवानगी, ना बंदी. त्यामुळे "शास्त्रात पाप आहे" म्हणून कोणी घाबरवत असेल तर घाबरू नका. आणि "देवाचं नाव आहे म्हणजे पुण्यच" असं कोणी म्हणालं तर तेही लगेच धरून बसू नका. गीता आपल्याला वेगळंच विचारते. हे कोणासाठी करतोय?

आपल्या खान्देशात गोंदण नवीन नाही. तुमच्या आजीचे हात आठवा. कपाळावर, हनुवटीवर हिरवे ठिपके, हातावर तुळस, नाहीतर नाव. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, पण ते हातावर गोंदलेलं असायचं. शिरपूरकडच्या भिल्ल-पावरा घरांमध्ये तर गोंदणाशिवाय म्हातारी सापडणं कठीण. जुन्या बायका सांगायच्या की सोनंनाणं, घरदार सगळं इथेच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं.

किती खोल आहे ही समजूत! पण दुसरी बाजूही बघायला हवी. त्यातल्या कितीतरी जणींना कोणी विचारलंच नव्हतं. लहान पोरीचा हात घट्ट धरायचा आणि गोंदणारीने सुया टोचायच्या. म्हणून "आजीने केलं होतं, मग मी का नको?" एवढंच कारण पुरत नाही. आजीला निवड नव्हती, तुम्हाला आहे. आणि निवड असली की विचार करण्याची जबाबदारीही येते.

आता एक उदाहरण खान्देशाबाहेरचं. छत्तीसगडमध्ये रामनामी समाज आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, १८९० च्या दशकात, जातीमुळे ज्यांना मंदिराची दारं बंद होती, त्यांनी रामाचं नाव स्वतःच्या अंगावर गोंदायला सुरुवात केली. काहींनी तर नखशिखांत. जणू त्यांना सांगायचं होतं की तुम्ही मूर्तीपासून दूर ठेवाल, पण हे नाव आमच्या अंगावरून कसं काढाल? त्या गोंदणाला दिखावा म्हणायची आपली हिंमत होईल का? ते सोसून केलेलं तप होतं. आणि नुसतं गोंदून ते थांबले नाहीत. भजन, रामनाम, साधी राहणी हे त्यासोबत आलंच.

आपल्याकडे चोखोबांची गोष्ट आहे. त्यांनाही देवळाबाहेरच राहावं लागलं. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते त्याखाली गेले. परंपरा सांगते की नामदेव महाराज तिथे गेले, तेव्हा ढिगाऱ्यातली कोणती हाडं चोखोबांची हे ओळखायला एकच खूण होती. त्या हाडांमधून विठ्ठलाचं नाव ऐकू येत होतं. आज पंढरपुरात नामदेव पायरीजवळ त्यांची समाधी आहे. पुढच्या वेळी गेलात की तिथे क्षणभर थांबा. ते नाव हाडापर्यंत पोहोचलं कसं? आयुष्यभर श्वासागणिक घेतल्यामुळे.

दादा, आता तुमच्या "कायमचं" या शब्दाकडे येऊ. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

वारीत चालताना मन भरून येतं. टाळ, पाऊस, अनोळखी माउलीने हातावर ठेवलेली भाकर. घरी परतल्यावर भीती वाटते, हे सगळं आता ओसरणार. मग वाटतं, हा भाव कुठेतरी पक्का करून ठेवावा. ही इच्छा वाईट नाही, उलट फार गोड आहे. पण गोंदणाने शाई पक्की होते, भाव पक्का होतोच असं नाही. श्लोकात भगवंत म्हणतात की दिखाव्याचं तप टिकत नाही. कातडीवरचं नाव चाळीस वर्षं टिकेल, आणि ते गोंदवताना मनात जे होतं ते चाळीस दिवसांत निघून गेलेलं असू शकतं.

तुळशीची माळ बघा. तीही अंगावरच असते, लोकांना दिसते. पण माळ घातली की ती रोज काहीतरी मागते. मांस-दारू सोडायची, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही. तुटली तर पुन्हा ओवून घालायची. टॅटू एकदाच मागतो, दोन तासांचं दुखणं आणि काही हजार रुपये. दुसऱ्या दिवसापासून तो तुमच्याकडे काहीच मागत नाही. मागायचं असेल तर ते तुम्हालाच स्वतःकडे मागावं लागतं.

तेराव्या अध्यायात भगवंतांनी शरीराला क्षेत्र म्हटलंय, म्हणजे शेत. आपण कापूस आणि केळीच्या मुलखातली माणसं, आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. बांधावर नावाची पाटी लावायला कोणाचीच हरकत नाही. पण पाटी लावली म्हणून कापूस येत नाही. पेरावं लागतं, निंदावं लागतं, रात्रीबेरात्री लाइट आली की पाणी द्यायला उठावं लागतं.

कोणी म्हणेल, "पण नाव समोर दिसलं की आठवण राहते ना!" राहते, खरंय. तोच हात उद्या रागाने कोणावर उगारला जाईल, तेव्हा त्यावरचं नाव दिसेल का? दिसलं आणि हात खाली आला, तर ते गोंदण सार्थकी लागलं. नाही दिसलं, तर बघणारे मात्र म्हणतील, "बघा, हे यांचे भक्त." देवाचं नाव अंगावर घेणं म्हणजे त्याच्या नावाने वावरणं. हे ओझं उचलायची तयारी आहे का, ते आधी बघा.

आणि स्वतःला एक प्रश्न खरा विचारा. हा टॅटू कायम शर्टाच्या बाहीखाली राहणार असेल, त्याचा फोटो कुठे टाकायचा नसेल, "मस्त दिसतंय भो" असं म्हणणारं कोणी नसेल, तरी हवाय का? उत्तर "हो" आलं, तर श्लोकातला राजसपणा बऱ्यापैकी गळून पडला असं समजा.

आता आईचं. आई देवाच्या नावाला नाही म्हणत नसेल. तिला भीती वाटते सुईची आणि भरतीची, आणि दोन्ही भीती खऱ्या आहेत. जत्रेत मशीन घेऊन बसलेल्याकडे तीच सुई दहा जणांना लागली तर हिपॅटायटिस, एचआयव्ही पसरू शकतो. टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही लक्षात असू द्या. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं, पण ते डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागच्या बाजूला हवं, आणि शरीराच्या त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान हवं. उजवा हात सॅल्यूटचा. तुम्ही उजवाच ठरवलाय! प्रत्येक भरतीचा नियम वेगळा असू शकतो, तेव्हा जाहिरात आधी वाचा. आईजवळ बसून हे सगळं बोला. तिला दुखवून हातावर विठ्ठल आणला, तर आईबापाची सेवा करणाऱ्या पुंडलिकासाठी विटेवर थांबलेल्या त्या देवाला ते कसं वाटेल?

आजचा संकल्प

लगेच हो नको, लगेच नाही पण नको. आषाढी ते कार्तिकी, हे चार महिने घ्या. जिथे गोंदवायचं आहे, तिथे रोज सकाळी अंघोळ झाल्यावर साध्या पेनाने विठ्ठलाचं नाव लिहा. लिहिताना एकदा मनापासून म्हणा. संध्याकाळपर्यंत घामाने, पाण्याने ते पुसलं जाईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहा. मधेच कंटाळा आला, लिहायचं राहून गेलं, तर समजा की मनाला नाव नको होतं, खूण हवी होती. कार्तिकीपर्यंत एकही दिवस चुकला नाही आणि तरी इच्छा तशीच राहिली, तर आईला सांगून, नियम बघून, नवी सीलबंद सुई वापरणाऱ्याकडे खुशाल जा.

पण मला एक शक्यता जास्त वाटते. चार महिन्यांनी तुम्हाला त्या रोज पुसल्या जाणाऱ्या नावाचाच लळा लागलेला असेल. कारण ते पुसलं जातं म्हणूनच रोज नव्याने घ्यावं लागतं.

प्रार्थना

पांडुरंगा, तुझं नाव लोकांना दिसो वा न दिसो, आम्हाला त्याचा विसर पडू देऊ नकोस. जो हात तुझ्यापुढे जोडतो, त्या हाताने कोणाचं वाईट होऊ देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.