उत्तर आलं नाही तेव्हा

भिवंडी तालुक्यातल्या दापोडे, वळ, पूर्णा, मानकोली या गावांत सकाळ उजाडते ती मालवाहू ट्रकांच्या रांगांसह. भिवंडी शहर यंत्रमागांवर वाढलं, पण या गावांचं रूप पालटलं ते गोदामांनी. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि तरीही मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेला, अशी ही जागा. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. गोदामं मात्र गेली नाहीत, उलट वाढली.

अशा एखाद्या गोदामात माल भरून झालेला असतो, दोर आवळलेले असतात, ड्रायव्हर तयार असतो आणि गाडी हलत नाही. ती थांबलेली असते एका बारा आकडी क्रमांकासाठी. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात न्यायचा, तर आधी ई-वे बिल काढावं लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाखाची. मोठ्या गोदामांत हा क्रमांक कुणी संकेतस्थळावर टाइप करून मिळवत नाही. गोदामाचं सॉफ्टवेअर तो सरकारी सर्व्हरकडे मागतं, जेसन नावाच्या साध्या मजकुरात.

हा मजकूर खरोखर साधा आहे. महिरपी कंसात नाव आणि त्यापुढे त्याची किंमत, एवढंच. प्रोग्रामर डग्लस क्रॉकफर्ड यांनी या शतकाच्या सुरुवातीला तो लोकांपुढे आणला आणि डिसेंबर २०१७च्या मानकाने तो यूटीएफ-८ या अक्षरपद्धतीतच पाठवावा असं ठरवून दिलं. म्हणजे ‘दापोडे’ हे नाव देवनागरीतच त्यातून सुखरूप जाऊ शकतं. मला याचं फार अप्रूप वाटतं. पण साधेपणाला शिस्त लागते. एक लाख ही रक्कम आपण स्वल्पविराम घालून लिहितो. जेसनमधल्या संख्येत स्वल्पविराम चालत नाही. तारखेला तिथे वेगळा प्रकारच नाही, ती अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून जाते आणि दिवस आधी की महिना आधी, हे घेणाऱ्याच्या नियमाने ठरतं. ई-इन्व्हॉइसमध्ये, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलात, पिनकोड संख्या म्हणून जातो, अवतरणात घातला तर परत येतो. आपण काय पाठवलं यापेक्षा समोरच्याला काय वाचता येईल, याचा विचार पाठवणाऱ्याने आधी करायचा असतो.

तरीही चुकीचा मजकूर ही त्यातली सोपी अडचण. सर्व्हर चूक दाखवतो, आपण ती दुरुस्त करतो. मनाची खरी परीक्षा होते ती विनंती गेली आणि उत्तरच आलं नाही तेव्हा. ठरलेले सेकंद उलटले, जोडणी तुटली. आता काय झालं असेल? कदाचित विनंती पोचलीच नाही. कदाचित पोचली, पण काम झालं नाही. किंवा काम पूर्ण झालं, क्रमांकही तयार झाला, फक्त परतीच्या वाटेवर हरवला. पाठवणाऱ्याला तिन्ही वेळा एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे शांतता. आणि घाईत लिहिलेला प्रोग्राम या शांततेचा अर्थ ‘झालं नाही’ असाच लावतो. मग कुणी नवा बिल क्रमांक घालून तीच विनंती पुन्हा पाठवतं. माल एक आणि बिलं दोन. एकाच मालावर दोनदा कर दिसू लागतो आणि चोवीस तासांच्या आत दुसरं बिल रद्द केलं नाही, तर पोर्टलवर ते रद्द करण्याची वाटही बंद होते.

ई-इन्व्हॉइसची रचना करणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसतो आणि त्यांचं मनापासून कौतुक करावंसं वाटतं. प्रत्येक बिलाला मिळणारा चौसष्ट अक्षरी आयआरएन हा विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्ताचा प्रकार आणि बिलाचा क्रमांक यांवरून गणिताने निघतो. तेच बिल पुन्हा पाठवलं, तर दुसरी नोंद होत नाही. हे आधीच नोंदलेलं आहे, असं उत्तर येतं. ते उत्तर वाचायला चूक वाटतं, पण तीच हवी असलेली बातमी असते. बिलाचा तपशील देऊन आधीची नोंद विचारण्याची सोयही आहे. म्हणून शांततेपुढे करायची गोष्ट एकच: काहीही न बदलता, थोडं थांबून, आधी विचारायचं. आणि उत्तर आलं तरी ते उघडून वाचायचं. वरची खूण २००, म्हणजे ‘यशस्वी’, असली, तरी आत ‘नाकारलं’ असं लिहिलेलं असू शकतं.

आपण माणसांशीही असेच वागतो. फोन उचलला गेला नाही, निरोपाला उत्तर आलं नाही, की मधल्या रिकाम्या जागेत आपण नकार लिहून टाकतो आणि त्यावर पुढचे निर्णय उभे करतो. पुन्हा एकदा, त्याच शब्दांत, न रागावता विचारणं आपल्याला कमीपणाचं का वाटावं?

आज जे तरुण पुण्यात, ठाण्यात, हिंजवडीत बसून अशा विनंत्या पाठवणारा कोड लिहिणार आहेत, त्यांना एक विनंती. उत्तर आलं नाही तर तुमचा प्रोग्राम काय करतो, तो भाग आज एकदा उघडून वाचा. ई-वे बिलाच्या क्रमांकाशिवाय गाडी रस्त्यावर गेली तर ती अडवली जाते, कराच्या दुप्पट दंड लागू शकतो, आणि तोवर घरापासून दूर रस्त्याच्या कडेला थांबून राहतो तो ड्रायव्हर. त्याने तर जेसनचं नावही ऐकलेलं नसतं.