व्यवस्थापनशिक्षण आणि खान्देशचा हिशेब

१९६१ मध्ये अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था हार्वर्डच्या साहाय्याने उभी राहिली, तेव्हा भारतात प्रकरण-पद्धती, म्हणजे एखाद्या उद्योगापुढचा प्रत्यक्ष पेच वर्गात मांडून त्यावर निर्णय घ्यायला लावणारी अध्यापनरीत, रुजली. पण तिच्यासोबत वर्षभर सारखी चालणारी कंपनी हाच धंद्याचा नमुना, हे गृहीतकही आले. १९७९ मध्ये आणंदला ग्रामीण व्यवस्थापनाची स्वतंत्र संस्था निघाली. तथापि ग्रामीण अर्थव्यवहार ही वेगळी शाखा ठरली आणि मुख्य अभ्यासक्रम बव्हंशी तसाच राहिला.

खान्देशातील जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्यासारख्या कापूसपट्ट्यातील जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुई काढण्याचा, धंदा या नमुन्यात बसत नाही. क्विंटलभर कापसातून ३४ किलो रुई निघाली, तर ३५६ किलोंची खंडी भरायला सुमारे साडेदहा क्विंटल कापूस लागतो, आणि उतारा एका किलोने घसरला तर खंडीमागे आणखी तीसेक किलो. खरेदी हंगामाच्या काही महिन्यांत आटोपावी लागते, त्यामुळे खेळते भांडवल, म्हणजे रोजच्या व्यवहारात अडकणारा पैसा, एकदम लागते; शिवाय रुईबरोबर सरकीच्या भावावरही नफा ठरतो. लेखाशास्त्र, वित्त आणि जोखीम हे तिन्ही विषय इथे एकाच निर्णयात गुंतलेले असतात, पाठ्यक्रमात मात्र ते वेगवेगळ्या तासिकांना शिकवले जातात.

याच तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा कारखाना घेऊन तो पपईच्या चिकापासून पपेन, म्हणजे पाचक विकर, काढण्याकडे वळवला. यंत्रसामग्री, शेतकऱ्याकडून मिळणारा कच्चा माल आणि दूरची बाजारपेठ यांची सांगड कशी घालावी, याचे हे प्रकरण जळगावच्या वर्गात कोणत्याही परदेशी प्रकरणाइतकेच अभ्यासार्ह ठरेल.

विद्यार्थ्याला नोकरी पुण्या-मुंबईत हवी असताना जिनिंगचा हिशेब कशाला, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. परंतु भाव, पाऊस आणि पतपुरवठा या तिन्ही बाबतींत अनिश्चितता असताना निर्णय घेण्याची सवय कोणत्याही शहरात उपयोगी पडते. म्हणून भारतासारख्या विकसनशील देशांनी पद्धत बाहेरून घ्यायला हरकत नाही, मात्र प्रश्न आपल्या बाजारपेठेतून निवडले पाहिजेत आणि परीक्षाही त्याच प्रश्नांवर घेतली पाहिजे.